एकशे अडतीस मीटर

दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन तास काही खाऊ नका, पाणी प्यायलात तर चालेल, पण जपून. चिगुसाने त्यातलं 'जपून' मनावर घेतलं नव्हतं. सिग्नलपाशी उभी असताना तिने पिशवीतली बाटली काढली, एक घोट घेतला, झाकण लावलं. शेजारी उभ्या असलेल्या एक म्हाताऱ्या बाई तिच्याकडे बघत स्वतःच्याच हनुवटीवर बोट टेकवून दाखवू लागल्या. चिगुसाला आधी काही कळेना. मग तिने खाली पाहिलं. कोटाच्या पुढच्या बाजूवर ओला पट्टा उतरला होता. घेतलेला घोट घशात गेलाच नव्हता, डाव्या कोपऱ्यातून सगळाच्या सगळा बाहेर आला होता आणि तिला त्याचा पत्ताही लागला नव्हता. "दाढ काढली वाटतं?" बाईंनी कागदी रुमाल पुढे करत विचारलं. "मी तर त्या दिवशी अख्खं सूप मांडीवर ओतून घेतलं होतं. यजमान म्हणाले, आता तुला लहान मुलाचं लाळेरं शिवतो." चिगुसा 'धन्यवाद' म्हणायला गेली, तर तोंडातून काहीतरी सैल, ओलसर असं निघालं. सिग्नल हिरवा झाला. बाई हसत हसत रस्ता ओलांडून गेल्या. चिगुसा तिथेच राहिली. समोरच्या औषधाच्या दुकानाच्या काचेत तिला आपला चेहरा दिसत होता. खालचा ओठ एका बाजूला उतरलेला, हनुवटी चकाकणारी. तिने बोटाने डावा जबडा दाबला. बोटाला जबडा लागत होता, जबड्याला बोट लागत नव्हतं.

औषधाचं नाव तिला ठाऊक होतं, ते मज्जातंतूत काय करतं तेही. सोडियमचे कण आत जायची दारं ते बंद करतं, म्हणून निरोप पुढे जात नाही. जबडा असतो, फक्त असल्याची बातमी येत नाही. चिगुसा शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करत होती, आणि गोष्टींची कारणं माहीत असली की त्यांची भीती कमी होते, असा तिचा एकोणचाळीस वर्षांचा अनुभव होता. पण काचेतल्या त्या ओल्या हनुवटीकडे बघताना कारण माहीत असून काही उपयोग झाला नाही. पाणी तोंडाला लावायचं आणि ते खाली सांडायचं. पुन्हा लावायचं, पुन्हा सांडायचं. तीन दिवस. ओढ्याच्या काठी, बर्फात. हे तिने कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी फोनवर दोन वाक्यांत ऐकलं होतं, आणि तेव्हापासून त्या वाक्यांच्या जवळ जाणं टाळलं होतं. घरातल्या एखाद्या खोलीत पसारा असला की आपण तिचं दार लोटून घेतो, तसं.

एक वाजता तिला शिकार शिकवणारे ओनोदेरा-सान बसने येणार होते. अजून तास होता. त्यांनी तिला भेटायला बोलावलं होतं ते एका कागदासाठी. बंदुकीचा परवाना मिळाल्याला या महिन्यात तिला दहा वर्षं पूर्ण झाली होती, आणि दहा वर्षं झाल्याशिवाय या देशात कुणाला रायफल हातात धरता येत नाही. इतकी वर्षं तिच्याकडे होती ती नळीच्या अर्ध्याच लांबीपर्यंत आतून पीळ कोरलेली बंदूक. गोळी त्या पिळातून फिरत निघते म्हणून सरळ जाते, पण अर्ध्याच पिळामुळे अर्धीच शिस्त लागते, असं ओनोदेरा-सान म्हणत. "ही बंदूक म्हणजे पाचवी शिकलेला पोरगा," ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. "शंभर मीटरपर्यंत बरोबर वाचतो. त्याच्यापुढे तोंडाला येईल ते." आता ते शिकार सोडत होते, आणि आपली रायफल तिच्या नावावर करून देणार होते. तसा संमतीचा कागद त्यांनी लिहून द्यायचा, तिने तो पोलिसांत नेऊन परवानगी मागायची. वय त्र्याहत्तर. गुडघे गेलेत, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यांनी कारण सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं.

ती चालत राहिली. मार्चच्या मध्यावर सप्पोरोतला बर्फ कडेला काळा होऊन बसतो, त्यातून पाणी पाझरत असतं, आणि सगळ्या शहराला ओल्या लोकरीसारखा वास येतो. ते दोघं शिकारीला जायचे त्या हिदाकाच्या डोंगरात मात्र या दिवसांत काही वास नसतो. पहिल्या हिवाळ्यात तिला त्याचंच नवल वाटलं होतं. ओनोदेरा-सान पुढे, ती मागे, आणि ते न वळता बोलत राहायचे. "हरणाच्या मागे काय आहे ते आधी बघ, हरीण नंतर. मागे माती असेल तर बघ. मागे आभाळ असेल तर ते हरीण नाहीच असं समज." "गोळी लागली नाही असं वाटलं तरी जागेवर जायचं. केस बघायचे, रक्त बघायचं. वाटण्यावर जायचं नाही. तू प्रयोगशाळेवाली ना? मग तुला सांगायला कशाला हवं." ते तिला बहुतेक वेळा 'प्रयोगशाळा' म्हणूनच हाक मारायचे. "अगं प्रयोगशाळा, डबा आणलायस का उपाशी आलीस?" त्यांची बायको असेपर्यंत ती दोघांसाठी भाताच्या मुटक्या बांधून द्यायची, आणि चिगुसाच्या मुटकीत खारवलेले आलुबुखार दोन घालायची. ती गेल्यावर ओनोदेरा-सान स्वतः बांधू लागले. त्या कधीच धड वळल्या जात नसत, हातात घेतल्या की फुटत.

त्या भागात मांस घेणारा एक छोटा कारखाना होता. हरीण मारल्यावर दोन तासांच्या आत तिथे पोचवलं की ते सोलून, तपासून शहरातल्या हॉटेलांना जायचं. पण त्यांचा नियम होता. गोळी डोक्याला किंवा मानेलाच लागलेली हवी. छातीत लागलेलं हरीण ते दारातूनच परत पाठवत. रक्त मांसात पसरतं, आतडं फुटलेलं असू शकतं, त्यांचीही चूक नव्हती. मग ते अख्खं जनावर खड्ड्यात जायचं. तिने पहिल्या वर्षी तो खड्डा पाहिला होता, आणि जो वास नसल्याचं नवल वाटलं होतं तो या डोंगरात कुठे साठवून ठेवलाय ते तिला तेव्हा कळलं होतं. म्हणून तिकडचे सगळे मानेवर मारायला शिकत. मारून टाकायचंच तर निदान खाल्लं जावं, वाया जाऊ नये, यात न पटण्यासारखं काय होतं? पण आकडे तिला पाठ होते. छातीत फुप्फुसांचा गोल पंचवीस सेंटीमीटरचा असतो, थोडं इकडेतिकडे झालं तरी जनावर चाळीस पावलांत पडतं. मान दिसायला रुंद, पण तिच्या आतली मणक्यांची काठी चार-पाच सेंटीमीटरचीच. ती तुटली तर हरणाला आवाजही ऐकू येत नाही. ती चुकली तर पुढे श्वासनलिका आहे, आणि मान जरा खाली गेली तर जबडा. तिच्या बंदुकीच्या गोळ्या शंभर मीटरवर आठ सेंटीमीटरच्या गोलात पडायच्या. तिने कागदावर मारून, पट्टीने मोजून वहीत लिहून ठेवलं होतं. आणि तांब्याच्या गोळीला शिशासारखं पसरून चूक झाकता येत नाही. शिसं तर केव्हाचंच बंद झालं होतं, मेलेली हरणं खाऊन गरुड मरायला लागल्यापासून.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतल्या त्या दिवशी पावणेचार वाजले होते. चारनंतर सूर्य मावळला की गोळी झाडायला बंदी. दिवसभरात काही मिळालं नव्हतं. दुपारी दोनच्या सुमाराला ओढ्याच्या पलीकडून ओनोदेरा-सानच्या रायफलचा एक आवाज आला होता, आणि मग फोनवर त्यांचा निरोप, 'चुकली. केस नाही, रक्त नाही.' तीही माघारी वळायच्या बेतात होती. तेवढ्यात उतारावर बुटक्या बांबूत मादी दिसली. अंतर मोजायच्या दुर्बिणीत आकडा आला, एकशे अडतीस. तो आकडा तिला अजून दिसतो, लाल, डाव्या कोपऱ्यात. मागे माती होती. छाती पूर्ण उघडी होती, मोठी, तपकिरी, दारासारखी उघडी. आणि तिने मानेवर नेम धरला. खड्डा आठवला म्हणून धरला, असं ती स्वतःला सांगत आली होती. पण आज ओल्या कोटाने चालताना तिला वाटलं, तेही पूर्ण खरं नाही. तोवरच्या नऊ हिवाळ्यांत तिची एकही गोळी मानेखाली लागली नव्हती, कारखान्यातली माणसं म्हणायची की या बाईचं हरीण डोळे मिटून घ्यावं, आणि ते ऐकायला तिला आवडत होतं. तिने श्वास अर्धा सोडला, बोट दाबलं, आणि बोट दाबत असतानाच मादीने पाल्याकडे मान खाली घातली.

ठरलेलं हॉटेल बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत होतं. ओनोदेरा-सान आधीच येऊन बसले होते, टोपी मांडीवर, समोर गरम सोबा शेवयांचा वाडगा. त्यांना शहरात बघितलं की तिला नेहमीच वाटायचं, कुणीतरी त्यांना थोडं आटवून आणलंय.

"बस लवकर आली," ते म्हणाले. "चालवणारा पोरगा असा हाकत होता, जसं काही त्याच्यामागे अस्वल लागलंय. हे काय, तोंडाला काय झालं?"

"दाढ." तिने गाल दाखवला.

"दाढ काढली की जीभ? बरंय, आज तरी माझं ऐकून घेशील. काही खाणार नाहीस? मग मी तुझ्या वाटचीही कोलंबीची भजी मागवतो. एकट्याने मागवायला लाज वाटत होती."

भजी आली. त्यांनी ती सावकाश खाल्ली. मग रुमालाने हात पुसून कागद काढला, घड्या उलगडून टेबलावर सपाट केला. त्यांच्या जाड, नीट अक्षरात सगळं भरलं होतं: रायफलचा क्रमांक, नळीची लांबी, त्यांचं नाव, तिचं नाव. फक्त सहीऐवजी मारायचा शिक्का राहिला होता. त्यांनी खिशातून शिक्क्याची डबी काढून कागदाशेजारी ठेवली.

"माझ्या बापाची दुनळी होती ना, ती गेल्या महिन्यात पोलिसांत देऊन आलो," ते म्हणाले. "कापून टाकतात. मधोमध. मी म्हणालो, माझ्यासमोर कापू नका. ते म्हणाले, आजोबा, इथे कापतच नाही, लांब पाठवतो."

"का दिलीत?" तिचे शब्द जाड होऊन बाहेर पडत होते. "गुडघ्यांमुळे?"

"गुडघे?" ते हसले. "गुडघे वीस वर्षांपूर्वीच गेलेत. गुडघ्यांनी कोण बंदूक सोडतं?" त्यांनी शिक्क्याची डबी उघडली, पुन्हा बंद केली. "तुला सांगायलाच पाहिजे. रायफल घेतेयस तर तिचं सगळं माहीत असू दे. गेल्या वर्षीच्या जानेवारीत ती मादी सापडली होती, आठवतं? जबडा गेलेली."

चिगुसाने मान हलवली.

"ती माझी होती. दोन वाजता मी झाडली ना, ती. मी तुला कळवलं, चुकली म्हणून. जागेवर गेलो होतो, केस नव्हता, रक्त नव्हतं. पण म्हाताऱ्याला काय दिसतंय! तिसऱ्या दिवशी ओढ्यावर गेलो तर ही उभी. पाण्यात तोंड घालतेय आणि पाणी सगळं खाली. मला बघून पळालीसुद्धा नाही." त्यांनी शिक्क्याची डबी बोटाने थोडी सरकवली. "संपवली. नंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. म्हणाला, तुमच्या वयाला इतके चांगले डोळे मी पाहिले नाहीत. मी म्हटलं, खोटं बोलतोस तू. चांगला माणूस होता, उगीच बोललो. त्यानंतर तीनदा डोंगरात गेलो. रायफल उचलली की दुर्बिणीत तेच तोंड. शेवटी नाद सोडला. पंचेचाळीस वर्षांत एकही जनावर असं मागे ठेवलं नव्हतं मी."

हॉटेलात रेडिओ चालू होता, कुणीतरी हवामान सांगत होतं. चिगुसा त्यांच्या हाताकडे बघत होती. त्या हाताने डबीतून शिक्का काढला, लाल शाईवर टेकवला. आता तो कागदावर उतरेल आणि संपेल. काही करावं लागणार नव्हतं. तिच्या तोंडात अर्धी जीभ मेलेली होती, आज ती बोलली नाही म्हणून कुणाला काही वाटणार नव्हतं. चौदा महिने तिने जे लपवलं ते एका मेलेल्या मादीपासून लपवलं असं ती समजत होती. त्या मादीचं आता काही बिघडण्यासारखं उरलं नव्हतं. आणि इथे हा माणूस बसला होता, ज्याने तिचं ते खोटं उचलून घरी नेलं होतं, रोज त्याच्यासमोर बसून जेवला होता, आणि आपल्या बापाची बंदूक कापायला देऊन आला होता.

"ती तुमची नव्हती," ती म्हणाली.

ओनोदेरा-सान हसले. "असू दे. बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. तुझी काकू असती तर तीही हेच म्हणाली असती."

"तुमची नव्हती." लाळ गळेल म्हणून तिने रुमाल तोंडाशी धरला, आणि मग तो बाजूला ठेवला. "पावणेचारला. पलीकडच्या उतारावरून. एकशे अडतीस मीटर. मी झाडली."

त्यांच्या हातातला शिक्का तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, तोच आवाज, जो डोंगरात न वळता यायचा:

"मागे काय होतं?"

"माती."

"छाती उघडी होती?"

"होती."

"आणि मानेवर मारलंस. तुझ्या बंदुकीने. एकशे अडतीसवर."

"हो."

"दुसरी का नाही झाडलीस?"

"ती बांबूत शिरली. जबडा लोंबताना मी दुर्बिणीतून पाहिला."

"जागेवर गेलीस?"

"गेले."

"काय होतं?"

"केस होते. थोडं रक्त." तिने बाजूला ठेवलेला रुमाल उचलला, पुन्हा ठेवला. "दोन दात होते. बर्फावर. मी बुटाने वर बर्फ लोटला."

"आणि मला कळवलंस, लागली नाही."

"हो."

आता ते चिडतील असं तिला वाटलं, चिडावेत असंही वाटलं. पण ओनोदेरा-सान तिच्याकडे बघतच नव्हते. त्यांनी शिक्का पुसून डबीत ठेवला, कागद उलटा केला आणि खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. कोऱ्या पाठीवर एक वाकडी रेघ ओढली, तो ओढा. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला भूर्जाचं झाड, जसं शाळेतलं मूल काढतं तसं.

"मी इथे," ते पुटपुटले. "मादी इथे, भूर्जाच्या अलीकडे. नव्वद मीटर, जास्त नाही. म्हणजे माझी वरून गेली. किंवा मागून." पेन्सिल झाडाच्या पलीकडे सरकली, थांबली. "इथे मातीचा बांध आहे. बांधातच असणार. कुठे जाणार दुसरीकडे? अजून तिथेच असणार." त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघणं रागापेक्षा अवघड होतं. एखाद्याला फार उशिरा, घर विकून झाल्यावर, सांगावं की तुझ्या घरात काही दोष नव्हता, तसं काहीतरी.

"एप्रिलच्या शेवटी तिथला बर्फ जातो," ते म्हणाले. "शेजाऱ्याकडे धातू शोधायचं यंत्र आहे. तांबं आहे, गंजणार नाही. खणून काढेन."

"रायफल ठेवा तुम्ही," ती म्हणाली. "डोळे चांगले आहेत तुमचे. परवाना अजून आहे."

"डोळे आहेत," ते म्हणाले. "पण उचलली की मला दिसते ती तीच. आता ती कुणाची होती हे कळलं म्हणून तिला जबडा येणार आहे का?" वाडग्यात थोड्या शेवया उरल्या होत्या. त्यांनी वाडगा उचलून त्या संपवल्या, रस प्यायले, जेवायच्या काड्या सरळ करून आडव्या ठेवल्या. कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकला. आत तिचं नाव, बाहेर तो ओढा. मग टोपी घालून उभे राहिले, टेबलाला धरून, गुडघे सरळ होईपर्यंत.

"मी तिसऱ्या दिवशी गेलो ओढ्यावर," ते म्हणाले. "तू सांगितलं असतंस तर त्याच संध्याकाळी गेलो असतो. आपण दोघं. अंधारात मारता आली नसती, पण मागावर राहिलो असतो. उजाडल्या उजाडल्या संपवली असती. दोन दिवसांचे हाल वाचले असते तिचे."

"एप्रिलमध्ये मी येते," चिगुसा म्हणाली. "शोधायला. दोघांनी लवकर सापडेल."

ओनोदेरा-साननी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि ओळख नसल्यासारखंही नाही. समोर उभ्या असलेल्याच्या मागे काय आहे ते पाहावं, तसं त्यांनी थोडा वेळ पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "तू येऊ नकोस."